पंचांगाचा ताळा : केरूनाना छत्रे



हिशेब झाला की ताळा करावा, असे आपण मुलांना शिकवतो. पण पंचांगाचा ताळा कशाशी करायचा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका गणितज्ञाने दिले. पनवेलच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या नागावचे हे केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत.

मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांच्या हाताखाली ते शिकले आणि लहान वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. पुढे पुण्यास ते गणिताचे अध्यापक झाले.

त्या काळी आपल्याकडची बहुतेक पंचांगे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. तो १५२० च्या सुमारास याच किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी रचलेला. ग्रंथ मोठा कुशल. पण त्याला तीनशेहून अधिक वर्षे लोटली होती. रोज एकच सेकंद मागे पडणारे घड्याळ वर्षात सहा मिनिटे मागे पडते. ग्रहगणिताचेही तसेच. सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. म्हणून चंद्राच्या स्थानात एका अंशाची चूक झाली, तर तिथी सुमारे दोन तासांनी चुकते!

केरूनानांनी युरोपातील नव्या वेधांचा आधार घेऊन १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. पावकी-दिडकी पाठ असली म्हणजे बाजारात गुणाकार मांडत बसावे लागत नाही ना? तशीच ही सोय. अवघड गणित एकदाच करून ठेवायचे. मग कोष्टकातला आकडा काढून बेरीज-वजाबाकी करायची. मधल्या वेळेसाठी लगतच्या दोन आकड्यांतील फरकाचा योग्य हिस्सा घ्यायचा. मात्र चंद्र कधी दिवसाला बारा अंश चालतो, तर कधी पंधरा. तिथे नुसते त्रैराशिक पुरत नाही, आणखी संस्कार द्यावे लागतात.

१८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने या गणिताचे ‘पटवर्धनी पंचांग’ निघू लागले. पण तिथी बदलली की सणवार बदलणार, एकादशी हलणार! लोकांना हे सहजी कसे पटावे? पुष्कळांनी जुनेच पंचांग ठेवले. केरूनाना १८८४ साली वारले. शुद्ध पंचांगाचा प्रश्न पुढे त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी हाती घेतला.

गुरुजी, पुढचे चंद्रग्रहण आपल्या गावातून दिसेल, तेव्हा मुलांना अंगणात घेऊन बसा. पंचांगातला स्पर्शकाळ फळ्यावर लिहून ठेवा आणि घड्याळ लावून पाहा. जुने खरे की नवे खरे, हा वाद मुलांपुढे घालू नका. आकडा माणसाने मांडायचा. त्याचा ताळा आकाशाने द्यायचा.