जीवाणूंची गणसंख्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



गणसंख्या भरल्याशिवाय आपल्या चिटणीसबाई वार्षिक सभेला आरंभ करीत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे कित्येक जीवाणूही हाच नियम पाळतात, असे मी म्हटले तर आपणांस नवल वाटेल. पण ते खरे आहे. आणि ते उलगडण्यात एका स्त्रीचा मोठा वाटा आहे.

बॉनी बॅसलर यांचा जन्म 1962 साली शिकागोत झाला. गुरांची डॉक्टर व्हावे म्हणून त्या कॅलिफोर्नियात शिकावयास गेल्या, पण मन रमले जीवरसायनशास्त्रात. 1990 मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांनी मायकेल सिल्व्हरमन यांच्या हाताखाली समुद्रातील प्रकाशणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास केला. 1994 पासून त्या प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत.

हे जीवाणू विरळ असताना काळोखात राहतात व दाटी झाली की उजळतात, हे नीलसन व हेस्टिंग्ज यांनी 1970 सालीच दाखविले होते. प्रत्येक जीवाणू एक रसायन बाहेर सोडतो. संख्या वाढली की ते रसायनही साठते. ठराविक प्रमाण झाले की सारे मिळून कामास लागतात. बॅसलरबाईंनी दाखविले की यांना दोन भाषा येतात: एक स्वजातीपुरती, दुसरी शेजारच्या परजातींशी बोलण्याची. या दुसरीच्या रेणूत बोरॉन असल्याचे 2002 साली आढळले.

याचा आपल्या घराशी संबंध काय? अनेक रोगजंतू असेच मोजदाद करून विष सोडतात. एकट्यादुकट्याचे विष वाया जाते, हे जणू ते जाणतात! प्रतिजैविक औषध जंतूंना मारते, पण जे तगतात त्यांचीच प्रजा पुढे वाढते. गतवर्षी माझ्या नणंदेच्या जखमेवर दोन औषधे निकामी ठरली, तेव्हा घरात कोणास झोप नव्हती. जंतूंना न मारता त्यांची मोजदादच बिघडवावी, असा या संशोधनाचा मार्ग आहे. तो अद्याप प्रयोगशाळेत आहे. औषधाच्या दुकानात नाही.

तोवर आहेत ती औषधे जपणे आपल्या हाती आहे. डब्यात उरलेली प्रतिजैविकाची गोळी मुलाच्या सर्दीपडशावर देऊ नका. तेथे तिचा काडीचा उपयोग नाही. डॉक्टरांना विचारा. एकीने पाळून भागणार नाही. येथेही गणसंख्या भरली पाहिजे.