120 ग्रॅमची पुडी
(नागपूरच्या मिहान परिसरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

आत येताना गेटवरच्या चौकीदाराला सहज विचारलं, या इमारतींच्या आधी इथे काय होतं? "पऱ्हाटी होती जी," तो म्हणाला. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. तेव्हा जनुकीय पिकांचा विषय इथे परका नाही. वर्धा रोडवर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला कायद्याने पेरता येतं असं जनुकीय पीकही आजवर एकच, कापूस.

26 मार्च 2002 रोजी बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. जनुक मोन्सँटोचं, बियाणं जालन्याच्या महिकोचं. परवानगीसोबत एक अट होती. मला बोलायचं आहे ते त्या अटीबद्दल.

बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची पुडी यायची. तीत बिगर बीटी बियाणं. ते शेताच्या कडेने, निदान पाच ओळी, लावायचं. अळीसाठी मुद्दाम राखलेलं कुरणच म्हणा ना! बीटीच्या झाडावर एखादी चिवट अळी जगलीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार मिळावा तो या कुरणातला, बीटीने मरणाऱ्या जातीचा. मग त्यांची पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात.

आता सांगा, दोन एकरवाला शेतकरी पाच ओळी अळीला चारेल? माझ्या मामांच्या गोठ्यात, कोनाड्यात कंदिलामागे, अशा पुड्या रचलेल्या मी पाहिल्यात. पैसे मोजून आणलेलं बी फेकवत नव्हतं आणि पेरवतही नव्हतं. पुडी कशासाठी, हे त्यांना दुकानात कोणी सांगितलं नाही. पेरली का, हे विचारायला बांधावर कोणी आलं नाही. दिल्लीत अट लिहिली गेली आणि गोठ्यात तिच्यावर धूळ बसली.

शेंदरी बोंडअळी मात्र शिकत होती. 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, तेही तिने पचवलं. पाणी असलं की आपण फरदड घेतो, हंगाम संपल्यावरही तीच कपाशी उभी ठेवतो, म्हणजे तिला उन्हाळ्यापर्यंत जेवण. 2017 मध्ये विदर्भात बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. हीच बोंडअळी आपल्या देशातल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं अमेरिकेने 2018 मध्ये जाहीर केलं. तिथे बीटी होतीच, शिवाय नापीक केलेले पतंग सोडले, आणि गावोगावचे शेतकरी मिळून एकच कार्यक्रम पाळत होते.

खाण्याचं काय? जानेवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश बीटी वांग्यावर जनसुनावणीला नागपुरात आले होते. 9 फेब्रुवारीला त्यांनी वांगं थांबवलं. मला तो निर्णय तेव्हा पटला होता, आजही पटतो. गंमत वेगळीच आहे. वांगं दारात अडवलं तेव्हा बीटी कपाशीची सरकी मागच्या दाराने कधीच आत आली होती. कापूस जिनिंगला गेला की रुई गिरणीला, सरकी घाण्याला. तेल आपल्या कढईत, ढेप म्हशीच्या गव्हाणीत. शुद्ध केलेल्या तेलात जनुक जवळपास उरतच नाही, आणि दुधातून विष येतं असली भीती मी घालणार नाही. पण हे तेल कोणत्या सरकीचं, हे आपण कधी विचारलं का? युरोपात जनुकीय घटक 0.9 टक्क्याच्या वर गेला की लेबल लागतं.

आता चोर बीटी. तणनाशक सोसणारं हे बियाणं मंजूर नाही, त्याचं बिल मिळत नाही, तरी बियाणं मिळतं. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तेव्हा कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता. निंदणाची मजुरी ज्याला परवडत नाही, त्याला त्या कैदेचं भय किती? त्याची गरज मला कळते, पण बिल नाही तर बी बोगस निघाल्यावर त्याने दाद कोणाकडे मागायची? बंदीने बियाणं थांबलं नाही, शेतकऱ्याची पावती तेवढी गेली.

जुलै 2024 मध्ये जनुकीय मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जनुकीय पिकांचं राष्ट्रीय धोरण आखायला सांगितलं. त्या धोरणात मी आधी एकच पान उघडेन: बांधावर जाऊन पाहणार कोण?

आज घरी गेल्यावर फरसाणाचं पाकीट उलटं करा. तेलाच्या नावांत सरकी सापडलीच, तर ती कोणती सरकी, हे तिथे शोधा.