जलद फिरणाऱ्या इंजिनासाठी सिंथेटिक तेलाची निवड

(शासकीय वाहनचालक, टॅक्सीचालक व खाजगी मोटारमालक यांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण वाचकांच्या उपयोगासाठी येथे देत आहोत. – संपादक)



मोटारीच्या इंजिनातील तेलाविषयी बोलण्यास प्रसिद्धी खात्याचा माणूस उभा राहावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी शिक्षणाने वाङ्मयाचा विद्यार्थी आणि व्यवसायाने शब्दांचा हिशेब ठेवणारा. परंतु तेलाचा डबा विकत घेताना गिऱ्हाईक ज्यावर विसंबतो, ते बव्हंशी शब्दच असतात. डब्याच्या दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत असते ती जाहिरात, आणि पाठीमागे बारीक अक्षरांत असते ती माहिती. जाहिरात लिहिणे हा ज्याच्या नित्य कामाचा भाग आहे, त्याने आपणांस माहिती वाचण्याचा आग्रह करावा, हे एका अर्थी उचितच होय.

विषय केवळ हौशी मंडळींचा नाही. ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका टॅक्सीवर चालतो, त्या कुटुंबाला इंजिन उघडण्याचा खर्च म्हणजे कित्येक महिन्यांच्या कमाईवर पाणी सोडणे होय. शासकीय वाहनाचे इंजिन अकाली निकामी झाले, तर तो भुर्दंड जनतेच्या पैशावर पडतो. आणि आजची लहान पेट्रोल इंजिने पूर्वीच्या इंजिनांपेक्षा सहजपणे वेगाने फिरतात. साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावकडे जाताना, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत असता, आरपीएमचा काटा कोठवर जातो हे आपण रोज पाहता.

प्रथम, वेग वाढला म्हणजे आत काय घडते ते पाहू. इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर क्रँकदंड दर सेकंदास सुमारे ११७ वेळा फिरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला ५८ वेळा उघडते व मिटते. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबून उलट दिशेने निघावे लागते. अशा जाण्यायेण्यातून बेअरिंगवर जो जोर येतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ३,५०० वरून ७,००० वर काटा गेला, की हा जोर दुप्पट न होता चौपट होतो.

हा सारा भार पेलणारा तेलाचा थर केवढा असतो? भार अधिक असताना बेअरिंगमधील हा थर मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतका, केसाच्या जाडीच्या पासंगालाही न पुरणारा असतो. तरीही धातूस धातू लागत नाही. याचे रहस्य आपल्या पावसाळ्यातल्या अनुभवात आहे. रस्त्यावर पाणी साचलेले असताना गाडी वेगात नेली, की चाक पाण्यावर तरंगू लागते आणि सुकाणू हलके पडते. रस्त्यावर हा प्रकार घातक आहे. बेअरिंगमध्ये मात्र तोच हवा असतो. फिरणारा दंड तेलाला चिंचोळ्या जागेत ओढून घेतो आणि त्या तेलावर स्वतः उचलला जातो. हा थर टिकतो तोवर झीज जवळजवळ नाही. तो तुटला, की बेअरिंग जाण्यास फार वेळ लागत नाही.

आता ‘सिंथेटिक’ या शब्दाकडे वळू. जमिनीतून निघालेले खनिज तेल शुद्ध करून जे वंगण होते ते खनिज वंगण. रासायनिक क्रियेने, ठरावीक रचनेचे रेणू जुळवून जे तयार केले जाते, ते मूळ अर्थाने सिंथेटिक. मोटारींसाठी अशी तेले १९७० च्या दशकात बाजारात रुळू लागली. पुढे खनिज तेलावरच हायड्रोजनची प्रखर प्रक्रिया करून इतके निर्मळ तेल काढता येऊ लागले, की त्याचे गुण कृत्रिम तेलाच्या जवळ पोहोचले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, मूळ तेलांचे पाच गट मानते. त्यांत हे प्रक्रिया केलेले तेल तिसऱ्या गटात, रेणू जुळवून केलेले पॉलिअल्फाओलेफिन चौथ्या गटात, आणि एस्टर वगैरे पाचव्या गटात येतात. तिसऱ्या गटाच्या तेलास सिंथेटिक म्हणावे काय, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांत वाद झाला. जाहिरातींविषयीच्या तक्रारी तपासणाऱ्या तेथील मंडळाने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून डब्यावरचा हा शब्द आतील तेल कोणत्या गटाचे आहे हे सांगत नाही.

यावरून हा शब्द पोकळ आहे असे मात्र समजू नये. चांगल्या सिंथेटिक तेलाचे तीन लाभ खरे आहेत. उष्णतेने ते कमी प्रमाणात पातळ होते, त्यामुळे दाटपणा टिकवण्यासाठी त्यात बहुवारिक द्रव्य कमी मिसळावे लागते. हे द्रव्य जलद फिरणाऱ्या इंजिनात कातरले जाऊन तुटते आणि तेल हळूहळू पातळ पडते. म्हणून ते जितके कमी तितके बरे. दुसरा लाभ असा, की ते उष्णतेत कमी उडून जाते. तिसरा, ते लवकर जळून काजळी व गाळ धरत नाही. सतत वरच्या फेऱ्यांत चालणाऱ्या इंजिनाला या तिन्ही गुणांची गरज असते.

आता डब्यावरील आकडे. ‘५डब्ल्यू-३०’ यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे. पहिला आकडा थंड तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते सांगतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याचे काय काम, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु इंजिनाच्या दृष्टीने गोव्याची सकाळदेखील थंडच असते. ४० अंशांवरसुद्धा २०डब्ल्यू-५० तेल ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून अधिक दाट असते. पहाटे किल्ली फिरवल्यावर वरच्या झडपांपर्यंत तेल जितक्या लवकर पोहोचेल, तितकी झीज टळते.

दुसऱ्या आकड्याविषयी मात्र फार मोठा गैरसमज रूढ आहे. ‘इंजिन जोरात फिरते, तेव्हा तेल जाड घाला,’ हा सल्ला अनेक गॅरेजांत सर्रास मिळतो. याची पारख दोन प्रसिद्ध इंजिनांवरून करू. होंडा कंपनीने १९९९ मध्ये एस २००० ही मोटार काढली. तिचे दोन लिटरचे इंजिन ९,००० फेऱ्यांच्या आसपास जाई. त्या वेगात तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर होतो. आणि तोही दर सेकंदास तीनशे वेळा थांबून! या इंजिनासाठी निर्मात्याने १०डब्ल्यू-३० तेल सांगितले होते. त्याच सुमारास बीएमडब्ल्यूच्या एम ३ मोटारीचे ८,००० फेऱ्यांचे इंजिन आले. त्याला १०डब्ल्यू-६० तेल ठरवून दिले गेले. दोन्ही इंजिने जलद, दोन्ही नामवंत निर्मात्यांची. पण एकास तीस आणि दुसऱ्यास साठ. यातील बोध असा, की केवळ फेऱ्यांच्या आकड्यावरून तेल ठरत नाही. बेअरिंगमधील फट किती, पंप किती मोठा, तेल थंड ठेवण्याची सोय कशी, हे सारे लक्षात घेऊन रचनाकार तेल ठरवतो, आणि तो निर्णय गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो.

नेमून दिल्यापेक्षा जाड तेल बारीक फटींतून सावकाश जाते. ते स्वतःच्याच घर्षणाने अधिक तापते आणि इंधनही अधिक खाते. ज्या इंजिनांत तेलाच्या दाबावर झडपांची यंत्रणा चालते, त्यांत तर तेल केवळ वंगण न राहता यंत्रणेचे चालक बनते. होंडाची व्हीटेक रचना, जी मोटारींत प्रथम १९८९ मध्ये आली, ती अशीच आहे. विशिष्ट फेऱ्यांवर तेलाच्या दाबाने एक खीळ सरकते आणि झडपा अधिक उघडू लागतात. तेल गाळाने भरलेले, किंवा पातळी उतरलेली असेल, तर ही खीळ वेळेवर सरकत नाही. उलटपक्षी, नेमून दिल्यापेक्षा पातळ तेल घातले, तर कढत बेअरिंगमध्ये थर टिकत नाही. दोन्ही बाजूंनी ‘तेलही गेले, तूपही गेले’ अशी अवस्था व्हायची.

कढत तेलाच्या या कसोटीलाही माप आहे. १५० अंश सेल्सिअसला, वेगाने कातरले जात असताना तेलाने किती दाटपणा राखावा, याची किमान मर्यादा अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, घालून दिली आहे. वीस क्रमांकाच्या तेलास २.६, तीसच्या तेलास २.९ आणि ५डब्ल्यू-४० तेलास ३.५ एकक, अशी ती आहे. पुस्तिकेत दोन-तीन क्रमांक दिलेले असतील आणि आपली गाडी सदैव घाटात, भार घेऊन, वरच्या फेऱ्यांत चालत असेल, तर त्यांतील वरचा क्रमांक निवडणे शहाणपणाचे होईल. पुस्तिकेबाहेर मात्र जाऊ नये.

क्रमांकानंतर पाहावयाची ती एपीआयची अक्षरे. ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनांची, ‘सी’ची डिझेल इंजिनांची. २०२० मध्ये ‘एसपी’ ही श्रेणी आली. तीत टायमिंग साखळीची झीज आणि लहान टर्बो इंजिनांत होणारे अकाली ज्वलन यांविरुद्धच्या कसोट्या आहेत. २०२५ मध्ये त्यापुढची ‘एसक्यू’ श्रेणी आली. पुस्तिकेत सांगितलेली किंवा तिच्या नंतरची श्रेणी घ्यावी. आधीची घेऊ नये. मोटारसायकल चालवणाऱ्या तरुणांनी येथे एक सावधगिरी बाळगावी. त्यांचे इंजिन मोटारीहूनही जलद फिरत असले, तरी बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या पातळ तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो. म्हणून त्यांनी डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ ही खूण पाहिल्यावाचून तेल घेऊ नये.

उत्तम तेल निवडूनही ते इंजिनात पुरेसे नसेल तर उपयोग शून्य. वरच्या फेऱ्यांत चालणारे इंजिन थोडेबहुत तेल जाळतेच. घाट उतरताना खालच्या गिअरवर गाडी रोखून धरली, की आणखी थोडे ओढले जाते. लहान मोटारीत एकूण तेल साडेतीन-चार लिटर. त्यातील एक लिटर कमी झाले, तर उरलेल्या तेलावर भार वाढतो, आणि तीव्र वळणावर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येऊ शकते. सबब, आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी वरच्या खुणेपलीकडेही नेऊ नये; फिरता क्रँक तेल घुसळून फेस करतो, आणि फेसावर बेअरिंग तरंगत नाही. तसेच, पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेलही तापले असे नव्हे. त्यास आणखी काही किलोमीटर लागतात. तोवर इंजिनास जोर लावू नये.

तेल बदलण्याचे अंतर पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. आजच्या अनेक मोटारींना ते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे असते. सिंथेटिक आहे म्हणून ते दुप्पट चालेल, हा हिशेब धोक्याचा आहे. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा.

शेवटी दोन शब्द बाजाराविषयी. नामांकित डब्यांत हलके तेल भरून विकण्याचे प्रकार घडतात. म्हणून माहीतगार दुकानातून, पावती घेऊन, सील तपासून माल घ्यावा. आणि रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्यास भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. काढलेले जुने तेल गटारात किंवा ओहोळात टाकू नये. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे, अशी व्यवस्था आपल्या गॅरेजमध्ये आहे की नाही, हे विचारून घ्यावे. आपल्या विहिरी आणि खाजणे आपलीच आहेत.

मित्रहो, सारांशाने सांगावयाचे तर क्रम असा: प्रथम गाडीची पुस्तिका, मग दाटपणाचा क्रमांक, त्यानंतर एपीआयची श्रेणी, आणि या तिन्ही गोष्टी जुळल्यावर ‘सिंथेटिक’ हा शब्द व किंमत. हा क्रम उलटा केला, की गिऱ्हाईक जाहिरातीचे होते आणि नुकसान इंजिनाचे. पुढच्या वेळी दुकानात उभे असता डबा एकदा उलटा करून पाहावा, एवढीच माझी आपणां सर्वांस विनंती आहे.