भांग रुंद होतोय का, ताई?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



हप्ते-रजिस्टर थोडं बाजूला ठेवू. आज केसांवर बोलायचंय. हसू नका. आपल्यातल्या एका ताईनं अंतर्गत कर्ज घेतलं, कारण लिहिलं 'घरखर्च'. नंतर मला हळूच म्हणाली, "मॅडम, तेलाच्या दोन बाटल्या घेतल्या. डोकं दिसायला लागलंय." लग्नाकार्याला जाणं सोडलंय तिनं. घरातसुद्धा डोक्यावरचा पदर खाली येत नाही.

म्हणून आधी बघायला शिका. उजेडात आरसा घ्या. भांग पूर्वीपेक्षा रुंद दिसतोय, टाळूवरचे केस विरळ आणि बारीक झालेत, पण कपाळाकडची कड जागेवर आहे? मग हे बहुतेक आनुवंशिक गळणं. ते आईकडून येतं, वडिलांकडूनही येतं. केसाचं मूळ हळूहळू आकसत जातं, नवा केस आधीच्याहून बारीक उगवतो. पाळी गेल्यावर जास्त दिसतं, पण विशी-पंचविशीतही सुरू होतं. यात तुमची चूक नाही, बोअरच्या पाण्याचीही नाही. आणि वरून लावलेल्या तेलानं आकसलेलं मूळ पुन्हा मोठं होत नाही.

बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात, ते वेगळं. ते बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबतं. रुपयाएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई, तीही वेगळी. आणि दिवसाला 50 ते 100 केस तर सगळ्यांचेच गळतात.

डॉक्टरकडे जाल तेव्हा हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासायचं का, ते विचारा. पाळी मागेपुढे होते, हनुवटीवर राठ केस येतात, हे लाजून लपवू नका. कारण त्यातच सापडू शकतं.

औषध आहे. मिनॉक्सिडिल नावाचं, डोक्याच्या कोरड्या कातडीला लावायचं. पहिले काही आठवडे गळणं उलट वाढू शकतं, घाबरून सोडू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की मिळालेलं परत जातं, म्हणजे खर्च कायमचा, हे आधीच धरून चाला. सगळे केस परत येत नाहीत, पण आहेत ते टिकतात, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. कपाळावर ओघळू देऊ नका, तिथंही लव वाढते. दिवस गेलेत, राहायचा विचार आहे किंवा बाळ अंगावर पितंय, तर डॉक्टरांना आधी सांगा. तेव्हा हे लावत नाहीत. नवऱ्याच्या टक्कलाच्या गोळ्या तर अजिबात घेऊ नका, पोटातल्या बाळाला धोका असतो.

ती ताई रक्त तपासून आली. हिमोग्लोबिन 8 निघालं. चक्कर येते, दम लागतो, हे वर्षभर कुणाला सांगितलंच नव्हतं तिनं. भांग रुंद होणं घराण्यातलं, आणि वर रक्त कमी, दोन्ही होतं. आता लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, डोक्याला औषधही लावते. एक बाटली अजून सील न फोडता फळीवर आहे, दुकानदार परत घेत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला चालूच आहे.