कीर्द, खतावणी आणि आमची थोरली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मुलींच्या उच्च शिक्षणावर बोलण्याचा माझा अधिकार तो किती! पण चिटणीसबाईंनी हट्ट धरला, आणि माझ्या हातून झालेली एक चूक मला आपणा सर्वांसमोर सांगावयाचीही होती.

आमच्या थोरलीने बारावीनंतर बी. कॉम.ला जावयाचे ठरविले तेव्हा मी नाक मुरडले. जमाखर्च तर दुकानातला दिवाणजीही लिहितो, त्याला कॉलेज कशाला? मंडळाची कीर्द मीच लिहीत होते, त्याचाही थोडा तोरा असेल.

पुढे २०२२ च्या दिवाळीनंतर पेटीत ४५० रुपये कमी भरले. पेटी ज्यांच्याकडे होती त्या भगिनींनी, कुणी काही बोलण्याआधीच, किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली. मी ती ठेवून घेतली. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत, आणि गिरणीवर दळण टाकताना बायका कुजबुजू लागल्या.

थोरली तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. तिने ४५० ला नऊने भागून पाहिले. बाकी शून्य! "आई, असा पुरा भाग गेला की आकडे उलटे पडलेत का, ते आधी पाहावयाचे," असे म्हणून ती पावतीपुस्तक घेऊन बसली. पापडविक्रीची पावती २७० ची. कीर्दीत माझ्या अक्षरात ७२०. त्याच रात्री मी किल्ली घेऊन त्या भगिनींच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

तेव्हापासून मी तिला विचारू लागले. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावयाचा, एकीकडे नावे, एकीकडे जमा. मग खतावणी, तेरीज, शेवटी ताळेबंद. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नव्हे. माझे ७२० दोन्हीकडे गेले असते तर तीही बिनतक्रार जुळली असती! म्हणून पावत्या ताडून पाहणारा हिशेबतपासनीस लागतो. याखेरीज आयकर, कंपनी कायदा, मालाचा उत्पादनखर्च हेही विषय असतात. आमच्या पापडांच्या खर्चात जळण कोणी धरलेच नव्हते, हे तिनेच दाखविले.

बी. कॉम. झाल्यावर बँक, कारखाना, सहकारी संस्था, कुठेही हिशेबाचे काम असते. २०१७ पासून जीएसटी आल्यावर लहान दुकानदारांनाही विवरणपत्रे भरणारे माणूस लागते. पुढे सी. ए. व्हावयाचे तर बी. कॉम.ला ५५ टक्के असल्यास फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, सरळ इंटरमीजिएटला नाव घालता येते. आता आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे, पूर्वी तीन होती. थोडे विद्यावेतन मिळते, पण परीक्षा कठीण. नापास होऊन पुन्हा बसणारे पुष्कळ; त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे घरच्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. उत्पादनखर्चाची आवड असेल तर सी. एम. ए. हाही मार्ग आहे. आणि हे बायकांचे काम नव्हे असे कुणी म्हणाले, तर मद्रासच्या आर. शिवभोगम यांचे नाव सांगा. त्यांनी १९३३ साली हिशेबनिसांची परीक्षा दिली व देशातील पहिल्या स्त्री हिशेबतपासनीस झाल्या.

आमची थोरली सध्या आर्टिकलशिप करते. सकाळी सातला डबा घेऊन निघते, आणि मार्च महिन्यात कधी परतेल याचा नेम नसतो. पेटी पुन्हा त्याच भगिनींकडे आहे. कीर्द मीच लिहिते, परंतु आता दर शनिवारी पावतीपुस्तक घेऊन आम्ही दोघी समोरासमोर बसतो.