पंख नसलेले डोंगरवासी



दगड उलटला की खालून एक काळा, चकचकीत भुंगेरा लगबगीनं पळतो. पाय लांब, जबडे धारदार. जमिनीवर शिकार करून जगणारा प्राणी. त्याच्या पाठीवरचं टणक कवच म्हणजे पंखांची पहिली जोडी. उडायचे पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. पण उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरांवर असं कवच उचलून पाहिलंत, तर खाली अनेकदा पंखाचा नुसता खुंट सापडतो.

असं का व्हावं? डार्विननं १८५९ मध्ये मदेरा बेटाचा दाखला दिला होता. तिथल्या भुंगेऱ्यांच्या ५५० जातींपैकी २०० उडू न शकणाऱ्या. उडणारे वाऱ्यानं समुद्रात जातात, न उडणारे मागं उरतात, असा त्याचा तर्क. हार्वर्डच्या फिलिप डार्लिंग्टन यांनी १९४३ मध्ये दाखवलं, की डोंगरांच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही. दाट रानातल्या पाचोळ्याखाली, जिथं वारा पोचतच नाही, तिथंही बिनपंखी भुंगेरे आहेत. नदीकाठच्या भुंगेऱ्याचं घर पुरात जातं, त्याला उडता यायलाच हवं. डोंगरावरचं ओलं रान मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं आणि असतंही आटोपशीर. तिथं पंख आणि ते हलवणारे स्नायू पोसायचे कशासाठी? मला हे उत्तर पटतं. हा ऱ्हास नव्हे, काटकसर आहे.

पण पंख गेले, की शेजारची दरीही समुद्रासारखी आडवी येते. याचं सर्वांत विलक्षण उदाहरण हवाई बेटांमधल्या माउईवर आहे. हलेआकला, म्हणजे सूर्याचं घर, हा तिथला ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी. जवळचं खंड साडेतीन हजार किलोमीटरहून दूर. या एकाच डोंगरावर मेसिक्लोथोरॅक्स या भुंगेऱ्यांच्या प्रजातीच्या ११६ बिनपंखी जाती नांदतात. जेम्स लीबहेर यांनी २०१५ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७४ जातींना तेव्हाच पहिल्यांदा नाव मिळालं. कुणी झाडाच्या बुंध्यावरच्या शेवाळात, कुणी पाचोळ्यात. डोंगराच्या एका अंगाला एक जात, दुसऱ्या अंगाला तिची बहीण. या जाती कुठं आहेत याचा नकाशा काढला, की डोंगर कुठं कुठं तुटला आहे ते आपोआप दिसतं. एवढी समृद्धी एका डोंगरावर असू शकते, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

ही समृद्धी सुरक्षित मात्र नाही. हवाई बेटांवर मूळची मुंगी नव्हती. माणसाबरोबर आलेली अर्जेंटिनी मुंगी १९६७ मध्ये हलेआकलाच्या राष्ट्रीय उद्यानात आढळली. जमिनीवरचे किडे ती फस्त करते. तिच्या वाटेतून उडून जायला या भुंगेऱ्यांकडे पंख नाहीत. आणि एखादी जात तिच्या उतारावरून संपली, तर ती पुन्हा आणायला जगात दुसरीकडे तिचा एकही भुंगेरा नसतो.