रेडिएटर बदलण्याआधी



 जुन्या गाड्यांच्या परिषदेच्या अध्यक्षाने सगळ्या क्षेत्राचा धावता आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच भागाबद्दल बोलणार आहे, तो म्हणजे रेडिएटर. रंग मनासारखा आला नाही तर पुन्हा मारता येतो, सीटचे कापड बदलता येते. रेडिएटरची निवड चुकली तर हेड वाकते, गॅस्केट जाते आणि ज्या इंजिनाचे भाग आता भंगार बाजारात हुडकावे लागतात, ते इंजिन खोलायची वेळ येते. एवढा मोठा निर्णय आपण बहुधा रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडून, वाफ जिरण्याची वाट पाहत घेतो. माझे म्हणणे असे, की छत्रपती संभाजीनगरच्या हवेत आणि इथल्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी पहिला पर्याय मूळ पितळी टाक्या राखून त्यांत नवा कोअर, म्हणजे मधला नळ्या-जाळीचा भाग, बसवण्याचा असावा. ॲल्युमिनियमचा तयार रेडिएटर त्यानंतर. आणि निवडीची कसोटी एकच ठेवावी: हा रेडिएटर दहा वर्षांनी याच शहरात खोलून दुरुस्त करता येईल का?

उदाहरणासाठी महाराष्ट्राच्या सर्वांत ओळखीची गाडी घेऊ. फियाट ११०० ही ट्युरिनच्या कंपनीने आखलेली गाडी. १९६४ पासून तिचे ‘डिलाइट’ हे रूप प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि सत्तरीच्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे तेच छोटे इंजिन घेऊन ती मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. आता तिला थंड ठेवण्याचा हिशेब पाहा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ वर गेला की तो ४८ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा आणि तोच वेग असूनही काम सुमारे पाव हिश्श्याने घटले. त्यात हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर. इथली हवा सहा-सात टक्के विरळ आहे आणि उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. अशा हवेत दौलताबादचा किंवा कन्नडचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मूळ आराखड्यातली सगळी शिल्लक संपलेली असते. म्हणून परदेशातल्या थंड प्रदेशातील मालकांचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पण गाडी गरम होते म्हणजे रेडिएटरच गेला, हा निष्कर्षही घाईचा आहे. गाडी सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, असे असेल तर दोष बहुधा हवेच्या बाजूला असतो. सैल फॅन बेल्ट, पंख्याभोवतीचे गायब झालेले आवरण, चिखलाने आणि किड्यांनी बुजलेली जाळी अशी त्याची कारणे असतात. उलट जालना रोडला रेंगाळताना ठीक आणि समृद्धी महामार्गावर वेग धरताच काटा वर, असे असेल तर पाण्याचा प्रवाह तपासावा. त्यात बुजलेल्या नळ्या, झिजलेला वॉटर पंप, आतून सोलून मिटणारा होज पाइप हे संशयित. टाइमिंग मागे पडले किंवा कार्बोरेटर पेट्रोल कमी देऊ लागला तरी इंजिन तापते. त्यावर मोठा रेडिएटर बसवणे म्हणजे रोग सोडून पथ्य वाढवणे. थर्मोस्टॅट काढून फेकणे हा आपल्याकडचा आवडता तोडगा. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासने परत जाते आणि गाडी आणखी तापते. जुन्या लोखंडी ब्लॉकच्या पोटात गंज आणि गाळ साठलेला असतो. तो धुऊन न काढता नवा कोअर बसवला, तर सुटलेला गाळ काही आठवड्यांत त्याच्याच नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून खर्चाचा पहिला रुपया निदानावर जावा. इन्फ्रारेड थर्मामीटर गरम कोअरवरून फिरवला, की थंड पट्टे बुजलेल्या नळ्या दाखवून देतात. रेडिएटर खरोखर दोषी आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळते.

दोष रेडिएटरचाच ठरला, की तांबे-पितळ की ॲल्युमिनियम हा वाद सुरू होतो. ॲल्युमिनियम जास्त थंड ठेवते, असे सर्रास सांगितले जाते. धातूंकडे पाहिले तर ते खरे नाही. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त आहे. ॲल्युमिनियमच्या कोअरला फायदा मिळतो तो रचनेतून. त्याच्या चपट्या नळ्या रुंद करता येतात आणि जाळी नळीला थेट सांधलेली असते, मध्ये डागाचा (सोल्डरचा) थर नसतो. चांगल्या बनावटीचा ॲल्युमिनियम कोअर साधारण पितळी कोअरला मागे टाकू शकतो, हे मान्यच करावे लागेल. पण खरी अडचण धातूच्या पातळ भिंतीत नसतेच, ती हवेच्या बाजूला असते. विल्हेल्म मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी १९०० च्या सुमारास जो मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, त्यात सहा मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० नळ्या होत्या. हवेला भिडणारे क्षेत्र वाढवणे हा त्यामागचा विचार. आजही निवडीची सूत्रे तीच आहेत: समोरून दिसणारे क्षेत्रफळ, इंचाला किती फिन आणि त्यांतून हवा ओढण्याची पंख्याची ताकद. चार ओळींचा जाड कोअर घातला, की मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली हवा मिळते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा सिग्नलला मंद असतो. जाड कोअरमधून हवा ओढताना त्याची दमछाक होते. तेव्हा ओळी वाढवण्याआधी पंख्याचे आवरण परत बसवावे. ते स्वस्त आहे आणि बहुतेकदा पुरेसेही.

माझ्या मताचा मुख्य आधार मात्र पाणी हा आहे. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी क्षारांनी जड असते. शहरात जायकवाडीचे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे गॅरेजमध्ये बादलीत जे असते ते बोअरचे किंवा टँकरचे. रेडिएटरमधून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. रोज अर्धा लिटर भर घातली की रोज थोडे क्षार आत जमतात, म्हणजे गळका रेडिएटर हळूहळू चुन्याची भट्टी होतो. पितळी नळीवर थर बसतो. तो वाईटच, पण टाकी उघडली की खरवडून काढता येतो. ॲल्युमिनियमचे दुखणे वेगळे आहे. त्याचे रक्षण करणारी ऑक्साइडची पातळ कवची क्लोराइडयुक्त पाण्यात जागोजागी फुटते, तिथे खड्डे पडतात आणि नळीला आरपार भोक पडते. त्याच चक्रात हीटरचा तांब्याचा कोअर किंवा पितळी जोड असेल तर ही झीज वेगाने होते. योग्य कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर काटेकोरपणे वापरणाऱ्या मालकाला ॲल्युमिनियम वर्षानुवर्षे साथ देईल. पण प्रवासात कुठल्याही ढाब्यावरची बाटली ओतणाऱ्या गाडीसाठी ती निवड धोक्याची आहे. कूलंटही सरसकट घेऊ नये. जुन्या डागाच्या रेडिएटरला सिलिकेट असलेले पारंपरिक हिरवे कूलंट चालते. नव्या सेंद्रिय आम्लांच्या जाती शिशाच्या डागाला आणि जुन्या सीलना मानवतीलच असे नाही.

आता नवा कोअर म्हणजे नेमके काय, ते पाहू. कारागीर गॅसच्या ज्योतीने वरच्या टाकीच्या कडेचा डाग वितळवतो आणि टाकी अलगद उचलून बाजूला ठेवतो. खाली नळ्यांची तोंडे उघडी पडतात, काही मोकळी, काही पांढऱ्या-तांबूस किटणाने पूर्ण बंद. थोड्याच नळ्या बुजल्या असतील तर पोलादाची चपटी पट्टी एकेक नळीतून आरपार घालून ती साफ करतात. त्याला रॉडिंग म्हणतात. जाळीच सुटली असेल, तर टाक्या, बाजूच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट तेच ठेवून मधला कोअर नवा घालतात. शेवटी तोंडे बंद करून आत हवा भरतात आणि सगळा रेडिएटर हौदात बुडवतात. बुडबुडा जिथून निघेल तिथे पुन्हा डाग. टाकीवरची कारखान्याची खूण, होजच्या तोंडाचा कोन, ड्रेन कॉकची जागा यांपैकी काहीच बदलत नाही. पुढचा पत्रा कापावा लागत नाही, नवी भोके पाडावी लागत नाहीत. मलिक अंबरने वसवलेल्या या शहराची नहर जमिनीखालून मैलोगणती आली, तरी वाटेत ती उघडून पाहण्याच्या जागा ठेवलेल्या होत्या. पाणी वाहून नेणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला आतून साफ करायची वाट लागते. डागाच्या टाकीत ती वाट आहे. प्लॅस्टिकच्या टाकीला कडा दुमडून सांधलेल्या ॲल्युमिनियम कोअरला ती जवळजवळ नाही. टाकी तडकली की सगळा नग फेकायचा.

या मतावर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप दर्जाचा. तांबे महाग झाले, म्हणून कोअर पातळ पत्र्याचा मिळतो, नळ्या मूळपेक्षा कमी असतात आणि रंगाखाली ते दिसत नाही. हे खरे आहे. पण त्यावर उपाय तपशील लिहून देण्याचा. कोअरची उंची, रुंदी, जाडी, नळ्यांच्या ओळी, इंचाला फिन आणि पंख्याच्या पात्यांपासूनचे अंतर हे कागदावर ठरवावे आणि रंग देण्याआधी मोजून घ्यावे. तयार ॲल्युमिनियम नगातही हीच माहिती बहुधा मिळत नाही, मग संशय एकट्या कारागिरावर का? दुसरा आक्षेप शिशाचा. डागकामाचा धूर अपायकारक आहे, यात वाद नाही. त्यासाठी उघडी जागा, धूर ओढणारा पंखा, हातमोजे आणि काम संपल्यावर हात धुणे यांची सक्ती आपणच केली पाहिजे. गिऱ्हाइकाने त्याचे पैसे द्यायची तयारीही ठेवावी. तिसरा आक्षेप असा, की रोज वापरायच्या गाडीला शुद्धतेचे सोवळे कशाला? हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. मूळ रेडिएटर हरवलेलाच असेल, टाक्या सडल्या असतील किंवा इंजिनच बदललेले असेल, तर ॲल्युमिनियम खुशाल बसवावा. फक्त तो मूळ ब्रॅकेटवर बसावा आणि जुना नग भंगारात न विकता गाडीसोबत राखावा.

या शेवटच्या अटीमागे कायदा आणि संकेत दोन्ही आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. मात्र चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, ही त्यातली अट आहे. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता त्या वयात आल्या आहेत. रेडिएटर बदलल्याने ही नोंदणी अडत नाही, पण तो बसावा म्हणून पुढचा पत्रा कापला तर प्रश्न उभा राहतो. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाच्या ट्युरिन सनदेचेही तत्त्व हेच, की बदल करावाच लागला तर तो परत फिरवता यावा आणि काढलेला मूळ भाग जपावा. दाबाच्या कॅपचेही तसेच. एक पौंड दाब वाढला की पाणी साधारण दीड-पावणेदोन अंश उशिरा उकळते, म्हणून सात पौंडांच्या जागी पंधरा पौंडांची कॅप लावायचा मोह होतो. पण जुने डाग, होज आणि पंपाचे सील सात पौंडांसाठी बनलेले असतात. उकळणे थांबते आणि गळती सुरू होते. कॅप मूळ दाबाचीच ठेवावी, ती बदलणे हा रेडिएटरच्या दुखण्यावरचा इलाज नाही.

मित्रहो, निवडीचा हा युक्तिवाद कारागीर आहेत तोवरच खरा आहे. ज्योत हातात धरून टाकी न जाळता उचलणारे हात संपले, तर माझी कसोटी निरर्थक होईल आणि ॲल्युमिनियमचा खोका हाच एकमेव पर्याय उरेल. म्हणून या परिषदेने तीन कामे अंगावर घ्यावीत, असे सुचवतो. आपल्या भागात चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या रेडिएटरची मापे आणि रेखाटने एका ठिकाणी जमा करावीत, म्हणजे मूळ नग हरवला तरी तो पुन्हा बनवता येईल. शासकीय आयटीआयमधील मुलांना डागकाम आणि रॉडिंग शिकवण्यासाठी आपल्यातल्या उस्तादांना मानधन देऊन बोलवावे. आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मदतीने नवा पितळी कोअर व तयार ॲल्युमिनियम कोअर एकाच गाडीवर, मे महिन्यात, एकाच घाटात तपासावेत व आकडे जाहीर करावेत. त्या आकड्यांनी माझे मत खोटे ठरवले तर पुढच्या अध्यक्षाने याच व्यासपीठावरून तसे सांगावे. तोवर गाडी तापली की आधी निदान करा, मग मापे घ्या आणि जुना रेडिएटर भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊ देऊ नका, एवढी विनंती करतो.